दहा वेळा खिंडीच्या अलीकडे

गजभिये सरांची आणि माझी पहिली भेट भिलाईजवळच्या उतई गावात एका राईस मिलच्या मागे, धानाच्या भुशाच्या ढिगावर झाली. सरांच्या गिरिभ्रमण मंडळाबरोबर हिमालयात जायचं असेल तर रविवारी पहाटे साडेचारला तिथे हजर राहायचं, एवढंच मला सांगितलं होतं. उशीर होऊ नये म्हणून मी सव्वाचारलाच पोचलो. सर माझ्याही आधी येऊन बसले होते. त्यांनी नाव विचारलं नाही. हातात एक लांब सळई आणि फावडं दिलं आणि म्हणाले, "या ढिगात एक बॅग पुरली आहे. काढ."

मी सळई खुपसत, फावडं मारत सुटलो. जितका भुसा उपसावा तितका वरून घसरून पुन्हा खड्ड्यात भरत होता. शेवटी बॅग हाती लागली तेव्हा माझ्या कानांत, कॉलरमध्ये, बुटांत सगळीकडे भुसा होता आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"छब्बीस मिनिटं. मेला."

"कोण, सर?"

"ज्याची बॅग आहे थो."

"कोणाची आहे?"

"माझी. म्हंजे तू मले मारलं. आता नाव सांग."

मी प्रशिक असं नाव सांगितलं. सरांनी बॅग पुन्हा पुरली. त्या दिवशी मी त्यांना आणखी तीनदा मारलं आणि घरी जाऊन दोन दिवस अंग खाजवत बसलो.

आदरणीय यादवराव गजभिये सर या वर्षी पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मीही काही लिहावं, असं संपादकांनी सुचवलं. माझं शिक्षण बारावीत अर्धवट राहिलेलं आणि काम ठेक्यावरच्या फिटरचं. सरांच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीबद्दल, त्यांनी वस्तीत चालवलेल्या अभ्यासिकेबद्दल माझ्यापेक्षा जाणती माणसं लिहितीलच. मी फक्त डोंगरातले सर पाहिले आहेत, तेवढंच लिहितो. आणि आधीच सांगून ठेवतो की डोंगरात सरांबरोबर राहणं अतिशय त्रासाचं आहे. जे एकदा गेले आहेत त्यांना हे ठाऊक आहे. जे गेले नाहीत त्यांनी सत्काराच्या दिवशी टाळ्या वाजवण्याआधी हे जाणून घ्यावं.

भिलाईत डोंगर नाही आणि बर्फ तर फक्त उसाच्या रसात. तरी सरांनी निवृत्तीनंतर हे मंडळ काढलं आणि दर वसंतात दहाबारा माणसं हिमालयात नेऊ लागले. बर्फाच्या लोंढ्याखाली गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला नाही तर सहसा वाचत नाही. पण बर्फ इथे दाखवता येत नाही म्हणून त्यांनी भुसा शोधून काढला. ते एका फळीवर भुसा पसरतात आणि फळी हळूहळू उचलतात. फळी थोडी तिरपी असते तोवर भुसा गप्प बसतो. उभी केली की तो टिकतच नाही, लगेच खाली येतो. या दोहोंच्या मधल्या उतारावर मात्र तो साचून राहतो आणि मग एकदम सगळा घसरतो. "मंदातला जो उतार आहे न," सर सांगतात, "जिथं चालाले मस्त वाटते, फोटो चांगला येते, थोच मारते." ही फळी मी चार वर्षांत किती वेळा पाहिली असेल याची मोजदाद नाही. नवीन एक माणूस आला तरी जुन्या सर्वांनी उभं राहून ती पाहायची, असा नियम आहे. आमच्यातले भोयरभाऊ, जे कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये क्लार्क होते आणि सरांना तीस वर्षांपासून ओळखतात, त्यांनी एकदा हात जोडले. "सर, मले आता झोपीत बी भुसा दिसते. घरवाली विचारते, मिल विकत घेतली का?"

सर म्हणाले, "झोपीत दिसते नं? मंग बरोबर शिकून राहिला."

आता त्या खिंडीबद्दल. तिचं नाव मी देत नाही, कारण सरांनी मनाई केली आहे. नाव छापलं की लोक नाव पाहून येतात, उतार पाहून येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मंडळ दुसऱ्या पुष्कळ ठिकाणी जाऊन आलं आहे, पण या एका खिंडीकडे सर दहा वेळा गेले आणि दहाही वेळा तिच्या अलीकडूनच परत आले. दहाव्या वेळेबद्दल मी पुढे लिहिणार आहे. आधीच्या नऊ वेळांमुळे मात्र सरांची आमच्या भागात काय कीर्ती झाली आहे, ती सर्वांना माहीत आहे. भिलाईतल्या हुडको वसाहतीच्या मार्केटमध्ये सर भाजी घ्यायला गेले की कोणीतरी विचारतंच, "क्या गजभिये साहब, इस बार भी दर्शन करके लौट आए?" सर न रागावता "हाँ, लौट आए" म्हणतात आणि वांगी निवडतात. मागे उभे राहून संतापायचं काम आमच्याकडे असतं.

खिंडीच्या आधीचा शेवटचा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे. वसंतात हिवाळ्यातलं बर्फ दिवसा उन्हाने पाणी धरतं आणि रात्री गोठतं. रात्र निरभ्र असली तर पहाटे ते फरशीसारखं कडक होतं, आणि ऊन चढायच्या आत त्यावरून पार व्हायचं असतं. रात्री ढग आले तर ते नीट गोठत नाही. वर पातळ पपडी, खाली ओल्या रव्यासारखा ढीग. म्हणून सर रोज संध्याकाळी तंबूबाहेर स्टीलच्या वाटीत पाणी ठेवतात आणि पहाटे ते अंगठ्याने दाबतात. अंगठा आत गेला तर सर सरळ तंबूत परत जातात. मग दोन दिवस रेल्वेने, एक दिवस बसने आणि तीन दिवस पायी आलेली आम्ही सगळी मंडळी पातेली घासायला बसतो.

पपडीचा हा धडा त्यांनी हिमालयात नाही, कारखान्यात घेतला. वितळलेलं पोलाद ज्या घराएवढ्या बादलीत ओततात तिला लाडल म्हणतात. त्या लाडलच्या तोंडावर पोलादाच्या मळीची पपडी धरते. वरून काळी, घट्ट दिसते. आत सगळं लाल. सर तिथे चार्जमन होते, म्हणजे एका पाळीच्या कामाची आणि माणसांची जबाबदारी त्यांच्यावर असे. "बर्फ काही वेगळं नाई," ते सांगतात. "वरून जमलं दिसते म्हणून जमलं नसते."

नऊपैकी चारदा मंडळ ढगाळ रात्रीमुळे परतलं. दोनदा जुन्या कडक थरावर ताजं बर्फ पडलं होतं आणि लगेच ऊन निघालं. एकदा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप लाडवासारखे गडगडत खाली येऊ लागले. एकदा वर धारेवर लोंबणाऱ्या बर्फाच्या छज्ज्याला सरांना दुर्बिणीतून भेग दिसली, जी दुसऱ्या कोणालाही दिसली नाही. आणि एकदा माझ्यामुळे.

त्या वर्षी सगळं जुळलं होतं. वाटीतलं बर्फ हातोडीने फुटेना. पण माझा एक मोजा ओला होता. ओल्या मोज्याने बोटं जातात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून मी तो स्टोव्हवर वाळवत बसलो. मग तो जळाला. मग दुसरा शोधला. आम्ही निघालो तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता, आणि पायथ्याशी पोचेस्तोवर वरच्या अर्ध्या उतारावर ऊन आलं होतं. सरांनी उताराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, वापस." परतीच्या वाटेवर कोणी माझ्याशी बोललं नाही. बरोबरच होतं. सर मात्र संध्याकाळी सर्वांना म्हणाले, "चूक माझी आहे. मोजे रात्रीच तपासाले पाहिजे होते." आणि दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी रोज रात्री बारा माणसांचे चोवीस मोजे स्वतः हातात घेऊन तपासायला सुरुवात केली. ज्यांचे मोजे कोरडे होते तेही माझ्यावर चिडले. ही त्यांची माणसाला वाचवायची पद्धत आहे. एका माणसाची बोलणी वाचतात आणि कटकट सर्वांच्या मागे लागते.

त्याच मोज्याच्या सफरीत भोयरभाऊ वैतागून बोलले होते, "सर, एकदा तरी सरकू द्या न थे बर्फ! घरी सांगाले काही तरी पाहिजे."

"सरकलं असतं तं सांगाले तू नसता," सर म्हणाले. आणि भाऊंच्या हातात कांदे चिरायला दिले.

खाली, भिलाईतही ते असेच आहेत. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मला सुट्टी मिळत नव्हती. सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आळीपाळीने तिच्याजवळ बसले. काकू डबा आणत. सर पलंगाचे कठडे हलवून पाहत, ऑक्सिजनच्या नळकांड्याला साखळी का नाही हे विचारत, आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरायचं ते मोजून येत. तिसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "बाबा, आप पेशंट के साथ हो, या इन्स्पेक्शन पे आए हो?" आईने डोळे मिटूनच सांगितलं, "थे असेच आहेत बाई. साखळी लावून टाका, मंगच झोपू देतील." साखळी लावली गेली. आई घरी आली. मी सरांचे आभार मानायला गेलो तर त्यांनी आमच्या घरच्या गॅसच्या नळीवरची तारीख विचारली. ती उलटून गेली होती.

कारखान्यातली एक गोष्ट भोयरभाऊंनी सांगितलेली आहे. तिथे पाळी बदलताना जाणारा चार्जमन वहीत सगळी परिस्थिती लिहितो, 'चार्ज दिला' म्हणून सही करतो, येणारा 'चार्ज घेतला' म्हणून सही करतो. एकदा सर सही करून कँटीनमध्ये चहा पीत होते. एक मोठे साहेब तिथे आले. नवीन चार्जमन फार हळू काम करतो आहे, तुम्ही जाऊन लाडल हलवा, असं म्हणाले. सरांनी उभं राहून सांगितलं, "साहेब, चार्ज त्यांचा आहे. मी आता फक्त चहा पिणारा माणूस आहो." साहेब लाल झाले. सर खाली बसून चहा प्यायले. आत तो नवीन चार्जमन क्रेनचा ब्रेक पुन्हा तपासून पाहत होता, म्हणून उशीर होत होता. एका कामाचा चार्ज एकाच माणसाकडे, बाकीचे कितीही मोठे असोत, हे सरांनी मंडळातही आणलं. लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. दर सफरीला पुढारी कोण ते तिच्यात सहीने लिहिलं जातं. पंधरा वर्षं त्या वहीत एकाच माणसाच्या सह्या होत्या.

आता या वर्षीचं. हे इथे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण वेळा बरोबर लिही." म्हणून वेळा बरोबर लिहिल्या आहेत.

या वर्षी सरांच्या गुडघ्याने आणि रक्तदाबाने मिळून डॉक्टरांना चांगलंच घाबरवलं होतं. काकूंनी निघताना आमच्यासमोर जाहीर केलं, "हे आखरी. आल्यावर हे बूट मी भंगारवाल्याले देऊन टाकीन. सांगून ठेवते." सर बुटांच्या नाड्या बांधत राहिले. त्यांना ते मान्य होतं. चार वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. रेल्वेत मात्र त्यांनी नकाशा उघडला आणि मला दाखवला.

"पलीकडं काय आहे, सर?"

"माळ आहे एक, सपाट. त्याच्यातून ही निळी रेघ जाते. नदी असंन. बस, थेवढी एकदा पाहाची आहे."

मग त्यांनी नकाशाची घडी घातली आणि माझे मोजे मागितले.

वरच्या मुक्कामाला पोचलो त्या संध्याकाळी सहा वाजता सरांनी लाल वही काढली. सर्वांना जवळ बोलावलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'चार्ज दिला', सही केली, आणि वही माझ्यासमोर धरली. मला आधी काहीच सांगितलं नव्हतं. मी 'चार्ज घेतला' लिहून सही केली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, भोयरभाऊंनी फोटो काढला, काकूंनी करून दिलेली गोड खुरमी वाटली गेली. सर इतके खूष होते की त्या रात्री त्यांनी मोजे तपासले नाहीत. ते मी तपासले. वाटीसुद्धा मी ठेवली. एका वाटीवर भरवसा वाटेना म्हणून तीन ठेवल्या.

दोन वाजता उठलो. आकाशात एकही तारा नव्हता. पहिल्या वाटीत अंगठा गेला. दुसरीतही गेला. तिसरीतली पपडी जरा थांबली, मग वाकली आणि फुटली.

मी तिथे उकिडवा बसलेला असतानाच सरांच्या तंबूची चेन उघडली. सर पूर्ण तयार होऊन बाहेर आले. बूट, काठी, टोपी, गळ्यात बर्फाखाली गाडले गेलो तर एकमेकांना शोधायचं यंत्र. एवढे आनंदात मी त्यांना कधीही पाहिलं नव्हतं.

"काय म्हंते वाटी?"

"गेला, सर. अंगठा गेला."

त्यांनी स्वतः दाबून पाहिलं नाही. "अजून दोन तास आहेत. जमंन. पायथ्यापर्यंत तं जाऊन पाहू." पायथ्यापर्यंत जाण्यात धोका नव्हता, म्हणून मी हो म्हटलं. सव्वाचारला पायथ्याशी पोचलो. सर्वांना मोठ्या खडकामागे थांबवून मी काठीने चाचपत कडेकडेने दहा पावलं पुढे गेलो. अकराव्या पावलाला घोटा आत गेला. मंडळातलं लहान मूलही सांगेल असा नियम आहे: घोटा गेला, की घरी चला.

मी परत येऊन सांगितलं. सर स्वतः गेले, माझ्याच पावलांच्या बाजूने चालले आणि परत आले.

"माझा नाई गेला."

"सर, तुमचं वजन बावन्न किलो आहे. भोयरभाऊंचं ब्याण्णव."

"मले कावून मंदात घेता बाप्पा?" भोयरभाऊ अंधारातून म्हणाले.

"एकेकानं जाऊ," सर म्हणाले. "अंतर ठेवून. बॅगेचे पट्टे सोडून. मी पयले जातो. साडेपाचपर्यंत पार होऊन जाऊ."

ही सगळी वाक्यं त्यांनीच मला शिकवलेली होती आणि एकेक वाक्य बरोबर होतं. पण ही वाक्यं चांगल्या बर्फासाठी आहेत. वाईट बर्फ ती चांगलं करत नाहीत. हेही त्यांनीच शिकवलं होतं.

"नाही, सर. परत जायचं."

ते काठी टेकत माझ्याजवळ आले. मग हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, "प्रशिक, मी पंचाहत्तरचा होऊन राहिलो. पुढच्या वर्षी..." आणि थांबले.

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी म्हणालो, "सर, चार्ज माझ्याकडे आहे."

"थो तं मी फोटोसाठी देल्ला होता रे."

"सही आहे, सर."

मी वही काढून त्यांच्यासमोर धरली नाही. धरायची गरज नव्हती. सर वळले आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत परत चालू लागले. त्यांच्यामागे सगळे. शेवटी मी.

यानंतर जे झालं ते जास्त त्रासाचं आहे. साडेसात वाजता दुसऱ्या एका गटाची सहा तरुण मुलं आमच्या मुक्कामाजवळून वर निघाली. मी धावत जाऊन त्यांना थांबवलं, वाट्यांचं सांगितलं, घोट्याचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, "भैया, हम देख लेंगे" म्हणाली आणि गेली. त्या उतारावरून ती एकामागे एक, खेटून, गप्पा मारत चढली. मी हातात फावडं घेऊन खाली उभा होतो. दहा वाजून पाच मिनिटांनी ती खिंडीवर पोचली. तिथून त्यांनी आरोळी ठोकली आणि हात हलवले.

काही झालं नाही. अकराला ऊन कडक झालं, तरी काही झालं नाही. बारा वाजले, दोन वाजले. मी दिवसभर त्या उताराकडे पाहत बसलो आणि वरची मुलं सुखरूप गेली आहेत हे पक्कं झाल्यावर, लाज वाटते पण लिहितो, एखादा तरी लोंढा यावा असं मला वाटत होतं. बैलगाडीएवढा तरी यावा, सरांना दिसेल एवढा. मूठभर बर्फही हललं नाही. थोड्या अंतरावर सर चहाचा पेला घेऊन त्याच उताराकडे पाहत बसले होते. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नव्हतो.

ज्यांनी सरांना नऊ वेळा हसून विचारलं की दर्शन करून आलात का, त्यांना मी हे सांगू इच्छितो. परत येणाऱ्या माणसाच्या हातात कधीच काही पुरावा नसतो. पुढे गेलेला माणूस खिंडीवरून हात हलवतो. आपण बरोबर होतो की घाबरट, हे उतार सांगत नाही. सरांनी हे नऊ वेळा सोसलं आणि दर वेळी खाली येऊन कांदे चिरायला दिले. मला एका दिवसात ते सहन होईना. त्यांच्याबद्दलचा माझा आदर कुठून आला असं कोणी विचारलं, तर त्या दुपारपासून, असं मी सांगेन. त्याआधी तो होता, पण त्यात भुशाचा रागही बराच मिसळलेला होता.

परतीच्या प्रवासात सर माझ्याशी बोलले नाहीत. तीन दिवस पायी, एक दिवस बस, दोन दिवस रेल्वे. भोयरभाऊंनी पुष्कळ खटपट केली. "सर, प्रशिक चहा आणून राहिला, घेता का?" सर चहा घेत, भाऊंचे आभार मानत. माझे मोजे त्यांनी मागितले नाहीत. दुर्ग स्टेशन जवळ आलं तेव्हा त्यांनी लाल वही मागितली. खिडकीजवळ बसून बराच वेळ काही लिहिलं आणि वही मला परत दिली. माझ्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं होतं:

'निर्णय बरोबर. चुका तीन. एक, तिन्ही वाट्या तंबूच्या आडोशाला ठेवल्या, एक उघड्यावर पाहिजे होती. दोन, उतारावर दहा पावलं गेला तेव्हा स्वतःच्या बॅगेचा पट्टा सोडला नाही. तीन, नाही म्हणताना माझ्याकडे पाहत होता. उताराकडे पाहायचं.'

खाली सही, तारीख आणि वेळ.

मी वही वाचून मान वर केली तोवर ते आपली बॅग उचलून दाराशी गेले होते. "चाल," ते म्हणाले, "काकू घ्याले आली असंन. तिले काही सांगू नको, मी सांगतो."

त्यांनी काय सांगितलं ते मला चार दिवसांनी कळलं. काकूंनी मला घरी बोलावलं, समोर पोहे ठेवले आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुवा त्यायले वापस आणलं?"

"हो, काकू."

"कावून आणलं?"

"बर्फ गोठलं नव्हतं."

"थे मले समजते. पण आता पाहाय काय झालं. नदी पाहून आले असते तं घरी बसले असते चूपचाप. आता म्हणून राहिले, पुढच्या वर्षी परत जातो. डॉक्टरले फोन करून राहिले. गुडघ्याची कसरत करून राहिले सकाळी पाच वाजता, हॉलमध्ये, टीव्हीच्या पुढं. बूट मी भंगारवाल्याले देल्ले होते, थे जाऊन वापस घेऊन आले!" मग त्यांनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले आणि आवाज खाली आणला. "जीत्ते वापस आणले, म्हणून देऊन राहिली. नाई तं देल्ले नसते."

सर आतल्या खोलीत होते. तिथून आवाज आला, "प्रशिक, रविवारी मिलवर साडेचारला. वाट्या घेऊन येजो."

सरांना दीर्घायुष्य लाभो, असं अशा लेखाच्या शेवटी लिहितात. मीही ते लिहितो, पण मोघम लिहीत नाही. सरांचा रक्तदाब आटोक्यात राहो. उजवा गुडघा डाव्याइतका तरी होवो. डॉक्टरांचं आणि काकूंचं एकमत होवो. पुढच्या वसंतात आम्ही वर असू तेव्हा एक संबंध रात्र आकाशात ढगाचा तुकडा नसो आणि थंडी अशी पडो की तिन्ही वाट्या दगडावर आपटल्याशिवाय रिकाम्या होऊ नयेत. त्या पहाटे मी सरांना सर्वांत पुढे पाठवीन आणि त्यांची ती नदी त्यांनी सर्वांच्या आधी पाहावी. आणि तशी रात्र मिळाली नाही तर मी उताराकडे पाहून पुन्हा नाही म्हणेन, त्यांना पुन्हा परत आणीन, आणि मग सरांना सत्त्याहत्तरावं वर्षही गाठावं लागेल, अठ्ठ्याहत्तरावंही. जितकी लागतील तितकी वर्षं त्यांच्याकडे असोत. घाई करायची नाही.